काठीचा डोंगर : आषाढात धबधबे, फाल्गुनात तहान

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या दुर्गम कुशीत काठी हे गाव वसले आहे. येथील राजवाडी होळी पाहण्यासाठी दरवर्षी दूरदूरचे लोक येतात. रात्रभर ढोलाच्या तालावर नृत्य चालते आणि पहाटे होळी पेटते. उजाडताच पाहुणे परतीची वाट धरतात. ज्या डोंगराच्या आश्रयाने ही परंपरा टिकली, तो डोंगर मात्र पाहायचा राहून जातो.

पावसाळ्यात देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जाताना कड्यांवरून कोसळणारे धबधबे दिसतात. होळीच्या सुमारास हाच प्रदेश वाळवंटाची आठवण करून देतो. सागाची पाने गळालेली, काळा खडक उघडा पडलेला आणि त्यात फुललेला एखादा पळस! एवढा पाऊस झेलणारा डोंगर इतक्या लवकर कोरडा कसा पडतो?

याचे उत्तर खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून हा बेसाल्ट घडला. अखंड बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते साठते केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्यातच उतार तीव्र असल्याने बहुतेक पाणी नर्मदा व तापीकडे वाहून जाते. भेगांत उरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने पाझरते आणि उन्हाळा चढतो तसे तेही आटत जाते.

विरोधाभास असा, की तालुक्याच्या उत्तर सीमेवर सरदार सरोवराचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. १३८.६८ मीटर उंचीच्या या धरणाच्या पाण्यात नर्मदाकाठची गावे बुडाली. मणिबेलीला १९९३ मध्येच त्याची झळ बसली. पण दरीतले पाणी आपोआप डोंगरावर चढत नाही. वरच्या पाड्यांना आधार असतो तो झऱ्यांचा आणि ओढ्यात खणलेल्या झिऱ्यांचा.

म्हणूनच काठीला जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी सोबत न्यावे, झऱ्यांजवळ कचरा टाकू नये आणि आपली वाहने गावाबाहेर ठेवावीत. होळीत नाचणारे बुध्या व्रतस्थ असतात. त्यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी. शक्य झाल्यास श्रावणात पुन्हा यावे. दोन्ही ऋतूंतला सातपुडा पाहिल्यावाचून येथील पाण्याचे मोल कळत नाही.