बुद्धिबळाने बुद्धी वाढते का?

‘मुलगा तासन्‌तास मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. तेवढीच बुद्धी वाढेल ना?’ आमगाव-तिरोड्याकडचे पालक हल्ली असे विचारतात आणि पुढचे नाव हमखास दिव्या देशमुखचे असते. साहजिकच आहे. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या नागपूरच्या या डॉक्टर दांपत्याच्या मुलीने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. वय अवघे १९. निघताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विजेतेपदाबरोबर किताबही थेट मिळाला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

दिव्याचा खेळ आक्रमक. बरोबरीत समाधान मानण्यापेक्षा डाव गुंतागुंतीचा करण्याकडे तिचा कल असतो. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, जी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत, दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळ संपत आले तशा हंपीकडून चुका झाल्या. एवढी अनुभवी खेळाडू, पण घाईत नाडी वाढते, लक्ष आकसते. शरीर किताब बघत नाही.

अशा वेळी चाल सुचते कशी? १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली आणि ती पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरी अचूक ठेवली, नवख्याला चार-पाचच जमली. मग मोहरी कशीही विखरून ठेवली, तेव्हा निष्णाताची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती; वर्षानुवर्षे पाहिलेल्या रचना मेंदूत गठ्ठ्यांनी साठलेल्या होत्या. दिव्याच्या मागेही पाचव्या वर्षापासूनचा सराव आहे.

हा साठा गणिताच्या पेपरला उपयोगी पडेलच असे नाही. इंग्लंडमध्ये १०० शाळांत मुलांना बुद्धिबळ शिकवून पाहिले. २०१६ मध्ये निकाल आला, तेव्हा वर्षभरानंतरच्या गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. खेळ आवडतो म्हणून खेळावा, हे कारण पुरेसे नाही का?

ऑनलाइन खेळ वाईट, असेही नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये दिव्या भारताकडून खेळली. रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिचे आणि निहाल सरीनचे इंटरनेटच तुटले, घड्याळ मात्र चालूच राहिले. अखेर दोन्ही देशांना विभागून सुवर्णपदक मिळाले. तेव्हा ती १४ वर्षांची होती.

अडचण आहे ती रात्री अकरानंतरच्या तीन-तीन मिनिटांच्या डावांची. हरले की लगेच दुसरा, मग तिसरा. चूक कुठे झाली ते पाहायचेच नाही. दिवसभर शिकलेले मेंदू पक्के करतो ते झोपेत, आणि नेमकी तीच कापली जाते. झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा. हरलेला एक डाव दुसऱ्या दिवशी पटावर मांडून बघावा. घरात पट नसेल तर गोंदियाच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो.