खेळ वाचताना (भाग ७) : गुणफलकामागचं घड्याळ

मागच्या भागात आपण पॅरिसच्या लाल मातीवर होतो. ८ जून २०२५ रोजी झालेला फ्रेंच ओपनचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना, कार्लोस अल्काराझ विरुद्ध यानिक सिनर. ५ तास २९ मिनिटं चाललेल्या त्या लढतीत सिनरनं एकूण १९३ गुण मिळवले आणि अल्काराझनं १९२. एक गुण कमी मिळवूनही चषक अल्काराझनं नेला, कारण चौथ्या सेटमध्ये सिनरला विजेतेपदाच्या तीन संधी मिळाल्या तेव्हा त्यानं तिन्ही परतवून लावल्या. टेनिसमध्ये सगळे गुण सारख्या तोलाचे नसतात, हे आपण तिथं पाहिलं.

त्या सामन्याला वेळेची मर्यादा नव्हती. मातीवर चेंडूचा वेग कमी होतो, तो उंच उसळतो, परतवायला अवधी मिळतो आणि एकेक गुण लांबत जातो. आज ज्या खेळाकडे वळायचं आहे त्यात घड्याळ आधीच लावलेलं असतं. दोन्ही संघांना सारखीच मिनिटं मिळतात आणि त्या मिनिटांचं कोण काय करतो, यावर निकाल लागतो. हा खेळ धाराशिवच्या मातीत रुजलेला आहे. तो म्हणजे खो-खो.

वाचायला घेऊ या १९ जानेवारी २०२५ चा सामना. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाची महिलांची अंतिम लढत, भारत विरुद्ध नेपाळ. निकाल भारत ७८, नेपाळ ४०. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. ३८ गुणांचा विजय म्हटल्यावर सामना एकतर्फी झाला असंच कुणालाही वाटेल. पण गुण बाजूला ठेवून सेकंद मोजले, तर याच सामन्यात भारताची मोठी ताकद दिसते आणि एक उणीवही दिसते.

नवे नियम, थोडक्यात

शाळेच्या मैदानावरचा खो-खो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मैदानात नऊ जण, आठ जण पाटीवर आळीपाळीनं उलट दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण. विश्वचषकाचा नमुना त्याहून वेगवान होता. मैदानात सात जण, सात मिनिटांच्या चार पाळ्या आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे दोन गुण. संरक्षण करणारे तिघा-तिघांच्या तुकडीनं उतरतात. एखादी तुकडी तीन मिनिटं टिकली की तिच्या संघाला एक गुण मिळतो आणि पुढच्या प्रत्येक ३० सेकंदांना आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. आक्रमणात एक ‘वझीर’ असतो. बाकीच्यांना एकदा दिशा धरली की उलटं फिरता येत नाही. वझीर मात्र कोणत्याही दिशेनं पळू शकतो.

चार पाळ्या, चार वेग

आता गुणांचे सेकंद करू. एका पाळीत ४२० सेकंद असतात.

पहिल्या पाळीत भारतानं आक्रमण केलं आणि ३४ गुण घेतले. म्हणजे १७ गडी, सरासरी २५ सेकंदांना एक. नेपाळच्या एकाही तुकडीला ड्रीम रन साधली नाही. फलक ३४–०.

दुसऱ्या पाळीत नेपाळनं २४ गुण घेतले. १२ गडी, सरासरी ३५ सेकंदांना एक. भारताला संरक्षणाचा एक गुण मिळाला. मध्यंतराला फलक ३५–२४.

तिसऱ्या पाळीत भारताचे आणखी ३८ गुण. १९ गडी, सरासरी २२ सेकंदांना एक. फलक ७३–२४.

चौथ्या पाळीत नेपाळला १६ गुणच मिळाले. ८ गडी, सरासरी ५२ सेकंदांना एक. चैत्रा बी.च्या तुकडीनं ५ मिनिटं १४ सेकंदांची ड्रीम रन केली, तिचे पाच गुण जमा झाले आणि ७८–४० वर सामना संपला. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडूही चैत्राच ठरली.

या चार ओळींत सामन्याचं वळण सापडतं. मध्यंतराला आघाडी ११ गुणांची, म्हणजे सहा गड्यांची होती. नेपाळच्याच वेगानं मोजलं तर ती साडेतीन मिनिटांत भरून निघाली असती. सामना खुला होता. तो मिटला तिसऱ्या पाळीत. त्यानंतर नेपाळला नुसती बरोबरी करायलाही एका पाळीत २५ गडी हवे होते, म्हणजे दर १७ सेकंदांना एक. ज्यांना एका गड्यासाठी ३५ सेकंद लागत होते त्यांना हे अशक्यच होतं. चैत्राच्या तुकडीनं शेवटच्या पाळीत कमाल केली, तरी सामना त्याआधीच जिंकलेला होता.

त्याच दिवशी पुरुषांच्या अंतिम सामन्यातही भारतानं नेपाळला ५४–३६ असं हरवलं. तिथंही मध्यंतराला २६–१८ अशी जेमतेम आठ गुणांची आघाडी होती आणि तिसऱ्या पाळीनं ती ५४–१८ वर नेली. दोन्ही सामन्यांचा सांगाडा एकच होता.

बावीस सेकंदांत काय काय घडतं

२२ सेकंदांत गडी बाद करणं नुसत्या पायांच्या वेगानं होत नाही. धावणारी खेळाडू साखळी खेळते, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी वाट काढत या खांबाकडून त्या खांबाकडे जाते. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, म्हणून धावणारी पलीकडे गेली की तिला त्या बाजूला तोंड असलेल्या सहकाऱ्याला खो द्यावाच लागतो. साखळी नीट चालली तर प्रत्येक खोला धावणारीची एक-दोन पावलं वाचतात. ती दमत नाही आणि घड्याळ पुढे सरकत राहतं.

चांगलं आक्रमण ही साखळी मोडण्यापासून सुरू होतं. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे खो देण्याची वेळ बदलणं. धावणारीला वाटतं आत्ता खो पडेल, आणि तो अर्धा क्षण उशिरा पडतो. तिचं पाऊल आधीच उचललेलं असतं. दुसरा म्हणजे तिला साखळीतून हुसकून मोकळ्या जागेत काढणं. तिथं तिला वळणांचा आडोसा राहत नाही, शर्यत सरळ पायांची होते आणि सूर मारून तिला गाठता येतं. तिसरा मार्ग खांबाचा. धावणारीला खांबाकडे लोटायचं, एका हातानं खांब धरून सगळं अंग झोकून द्यायचं आणि हाताच्या लांबीपलीकडचं अंतर तोडायचं.

मातीवरच्या टेनिसचा हाच धडा आहे. तिथं एका फटक्यात गुण क्वचित मिळतो. राफेल नदालनं फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकलं ते प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर उसळणारे चेंडू पुन्हा पुन्हा देऊन. एका कोपऱ्यात ओढायचं, दुसरा कोपरा उघडा पाडायचा आणि मग शेवटचा फटका. खो-खोत गडी ज्या सुरावर बाद होतो त्याला टाळी मिळते, पण त्याआधीच्या तीन-चार खोंनी धावणारीला तिथं आणून ठेवलेलं असतं. सामना पाहताना नजर त्या खोंवर ठेवा.

वझीर या सगळ्याला आणखी धार देतो. ‘ही आता उलटी फिरू शकत नाही’ या खात्रीवर धावणारी जगते. वझीराच्या हाती पाठलाग गेला की ती खात्री संपते. म्हणून नव्या नमुन्यात संरक्षण करणारीला एक जास्तीचं काम आहे: वझीर कुठं बसलाय हे प्रत्येक वळणावर ध्यानात ठेवणं.

एका तुकडीवर उभं संरक्षण

आता त्या उणिवेकडे येऊ. भारताच्या संरक्षणाची सरासरी ३५ सेकंदांवरून ५२ सेकंदांवर गेली, म्हणजे चौथ्या पाळीत संरक्षण सुधारलं, असं वाटतं. पण तुकड्या वेगळ्या करून पाहा.

दुसऱ्या पाळीत ड्रीम रनचा एक गुण मिळाला, म्हणजे एक तुकडी किमान तीन मिनिटं टिकली. राहिली जास्तीत जास्त चार मिनिटं. एकूण बाद झालेल्या बारांपैकी त्या तुकडीचे फार तर तीन. म्हणजे बाकी नऊ गडी २४० सेकंदांत गेले, सुमारे २७ सेकंदांना एक.

चौथ्या पाळीत चैत्राच्या तुकडीनं ४२० पैकी ३१४ सेकंद खाल्ले, पाळीचा तीनचतुर्थांश भाग. राहिले १०६ सेकंद. त्या वेळात किमान पाच गडी बाद झाले, सुमारे २१ सेकंदांना एक.

भारतानं नेपाळला ज्या वेगानं टिपलं, जवळपास त्याच वेगानं नेपाळनं भारताच्या उरलेल्या तुकड्या टिपल्या. दोन्ही पाळ्यांत संरक्षण एकेका तुकडीनं सावरलं. दुसऱ्या पाळीतली ती तुकडी लवकर फुटली असती, तर मध्यंतराचा फलक वेगळा दिसला असता.

हे आधी का जाणवलं नाही? कारण तोवर परीक्षाच झाली नव्हती. दक्षिण कोरियाविरुद्ध १७५–१८, इराणविरुद्ध १००–१६, मलेशियाविरुद्ध १००–२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध १०९–१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६–१६. अख्ख्या सामन्यात कुणाला २० च्या वर जाता आलं नाही. नेपाळनं एकाच पाळीत २४ घेतले. इराणविरुद्ध अश्विनी शिंदेच्या पुढाकारानं पहिली तुकडी अवघ्या ३३ सेकंदांत बाद झाली होती. आक्रमण इतकं तिखट असलं की संरक्षणातल्या फटी झाकल्या जातात. पुढच्या मोठ्या स्पर्धेत त्या झाकल्या जातीलच असं नाही. म्हणून विजयाच्या आनंदातच त्या दाखवणं मला गरजेचं वाटतं.

माती आणि मॅट

हा सामना मॅटवर झाला. आपल्याकडच्या बहुतेक मुली मातीवर शिकतात. मातीत पाय थोडा घसरतो, म्हणून वळण्याआधी वेग आवरावा लागतो आणि शरीर खाली घ्यावं लागतं. टेनिसपटू मातीच्या कोर्टवर घसरत चेंडूपर्यंत जातात आणि ते घसरणं वर्षानुवर्षं घोटतात, त्यामागचं कारण हेच. मॅटवर बूट पकड घेतात. थांबणं आखूड होतं, हुलकावणी टोकदार होते, पण हाच फायदा पाठलाग करणारीलाही मिळतो आणि गुडघ्या-घोट्यांवर झटका जास्त बसतो. मातीनं तोल आणि धीर शिकवला आहे. मॅटची सवय त्यावर चढवायची आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी सरावाला मॅट मिळाल्याशिवाय ती चढणार नाही. जिल्ह्यात जिंकायचं आणि मॅटवर पहिलं पाऊल थेट राष्ट्रीय शिबिरात ठेवायचं, ही मुलींवर लादलेली अडचण आहे.

धाराशिवनं काय दिलं

या जिल्ह्याचं खो-खोशी नातं एका विश्वचषकापुरतं नाही. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती धाराशिवची सारिका काळे. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा सन्मान २२ वर्षांनी आला होता. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली इथं खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. पाऊस कमी, उद्योग कमी, घरात पैसा कमी, अशा जिल्ह्यात दोन खांब आणि सपाट जमीन एवढ्यावर उभा राहणारा खेळ वाढला. तो टिकला मात्र रोजच्या सरावामुळे आणि एका पिढीनं पुढच्या पिढीला मैदानावर उभं केल्यामुळे.

आपल्या खो-खोच्या बातम्यांमध्ये फार जुनी आणि चांगली सवय आहे. कोणी किती मिनिटं संरक्षण केलं, हे खेळाडूच्या नावापुढे लिहिलं जातं. हा सेकंदांचाच हिशेब आहे. तो बातमीपुरता न ठेवता सरावात आणला, तर चैत्राच्या तुकडीसारखी एकच तुकडी न घडता तिन्ही-चारही घडतील. एका तुकडीचं पाच मिनिटं टिकणं कौतुकाचं आहेच. पण सगळ्यात कच्ची तुकडी गड्यामागे २१ सेकंदांवरून ३५ वर आली, तर संघाला त्याहून जास्त फायदा होतो, कारण ते रोज मिळणारं बळ आहे.

पुढचा सामना पाहताना

जिल्ह्यात शालेय स्पर्धा असो वा राज्य अजिंक्यपद, मैदानाच्या कडेला बसाल तेव्हा मोबाइलमधलं घड्याळ सुरू करा आणि वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात प्रत्येक गडी कितव्या सेकंदाला बाद झाला ते लिहा. दुसऱ्यात तो कुठं बाद झाला: साखळीत, मोकळ्या जागेत की खांबाशी. तिसऱ्यात त्याआधी किती खो पडले. पाळी संपल्यावर आकडे तुकडीनुसार वेगळे करा. पाच-सहा सामन्यांनंतर प्रत्येक संघाची खोड दिसू लागेल. खांबाशीच गडी गमावणारा संघ कोणता, पहिल्या दोन मिनिटांत दमणारी तुकडी कोणती, कोणती मुलगी खो उशिरा देऊन साखळी मोडते, हे सगळं कागदावर उतरेल. ती वही गावातल्या प्रशिक्षकाला द्या. महागडी यंत्रणा नसलेल्या ठिकाणी सामन्याचं विश्लेषण असंच सुरू होऊ शकतं, आणि ते करायला खेळावर जीव असणारा एक प्रेक्षक पुरतो.

पुढच्या भागात खांबाजवळच्या चार मीटरांत थांबू. खांबावरचा सूर कधी मारायचा, कधी आवरायचा, आणि धावणाऱ्यानं त्या कोपऱ्यातून जिवंत कसं निसटायचं, ते पाहू.