नाशिक ते रॉटरडॅम: द्राक्षाच्या साखळीची तीन दशकं

1991मध्ये महाग्रेप्सची स्थापना झाली, तेव्हा आपल्या बहुतेक बागायतदारांना आडत्या ठाऊक होता, युरोपातला खरेदीदार नव्हता. निर्यातीसाठी बागायतदारांच्या सहकारी संस्था महाग्रेप्समध्ये एकत्र आल्या आणि आधी झुंज सुरू झाली ती उन्हाशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेला घड आतून तापलेला असतो. म्हणून तोडणी सकाळीच उरकायची. मण्यावरची लव पुसली जाऊ नये म्हणून घड देठाला धरून क्रेटमध्ये ठेवायचा. पॅकहाऊसमध्ये बायका कात्रीने बारके, फुटके मणी काढतात, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड ठेवला जातो आणि काही तासांत प्रीकूलिंग करून घड 4 अंशांच्या आसपास आणतात. पुढे शीतगृहात आणि रीफर कंटेनरमध्ये तापमान शून्याच्या जवळ, न्हावाशेवा बंदरापासून थेट रॉटरडॅमपर्यंत. मध्ये थंडावा तुटला की पेटीत पाणी सुटतं, देठ तपकिरी पडतो. तिकडचा ग्राहक आधी देठाचा हिरवेपणा बघतो.

हे आपण शिकलो. अडलो ते माहितीपाशी. 2003मध्ये मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश युरोपात सापडले, तेव्हा पेटीवरून बागेपर्यंत माग काढायची धड सोय नव्हती. कृषी निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या अपेडाने अंशतपासणी आणली, 2006मध्ये ग्रेपनेट आलं. प्लॉटची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, पॅकहाऊस, कंटेनर, सगळ्याची नोंद एकाच जागी. माझ्या मते कुठल्याही शीतगृहापेक्षा हे काम मोठं.

तरी 2010चा हंगाम हातचा गेला. वेलीची वाढ रोखणारं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदार वापरत आले होते आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. इथला दाखला पास, तिथे माल नापास. यादीतली चूक बागायतदाराची नव्हती, कर्ज मात्र त्याच्या डोक्यावर चढलं. हे आजही खुपतं. त्याच सुमारास विलास शिंदे यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीत सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. तिथे शेतकरीच भागधारक, त्यामुळे बागेतली फवारणी आणि परदेशातली विक्री यांचा विचार एकाच ठिकाणी होऊ लागला.

2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. 2024च्या हंगामात कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, प्रवास लांबला, भाडं चढलं. छाटणी तर आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होऊन गेली होती. इतक्या लांबच्या वाटेला मणी टणक लागतो, आणि तो टणकपणा कंटेनरमध्ये भरता येत नाही. तो बागेतल्या पाण्या-खतावरच ठरलेला असतो.