लिनक्समधील वायमॅक्सचा दुवा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. उपकरणांवर नियंत्रण ठेवण्याचे काम त्याचे असते. वापरकर्त्याच्या आज्ञावली मात्र त्याबाहेर, यूजर स्पेसमध्ये चालतात. वायमॅक्स या बिनतारी ब्रॉडबँड तंत्रज्ञानासाठी या दोहोंना जोडणारा दुवा मार्च २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत समाविष्ट झाला. इंटेलच्या उपकरणाचा ड्रायव्हरही त्यासोबत आला.

अडचण मुळातच होती. वायमॅक्सच्या मानकाने हवेतील संदेशवहनाचे नियम ठरवले. संगणकाने उपकरणाला आज्ञा कोणत्या भाषेत द्यावी, हे मात्र ठरवले नाही. त्यामुळे रेडिओ चालू-बंद करणे, उपकरण पुन्हा सुरू करणे, अशी मोजकीच कामे सामायिक ठेवण्यात आली. उर्वरित आज्ञा बंद लखोट्याप्रमाणे जशाच्या तशा ड्रायव्हरकडे पोहोचवल्या जात. यास सामायिक दुवा म्हणणे काहीसे उदारपणाचेच होते.

वापरकर्त्यांच्या चालू आज्ञावली मोडू नयेत, हा लिनक्सचा दंडक आहे. मात्र एलटीईच्या प्रसारानंतर वायमॅक्सची मोबाईल जाळी बंद पडत गेली. भारतात बीएसएनएलनेही ही सेवा दिली होती. वापरकर्तेच न उरल्याने २०२१ मध्ये, ५.१३ या आवृत्तीत, हा दुवा काढून टाकण्यात आला.