‘दुसऱ्यांदा’चा रकाना

सकाळी 8.30

आज वसुबारस, 9 नोव्हेंबर 2023. बायको गहू-दूध खात नाही, म्हणून मलाही कोरा चहा. तो घेता घेता वही चाळली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची ही तिसरी वही. बावीस वर्षं मी अमरावतीत एका वाइन शॉपच्या काउंटरवर आहे आणि आजवर एक थेंबही घेतलेला नाही. मोठा नियम-धर्म वगैरे काही नाही. गाडगेबाबांची समाधी आमच्या गावात, तुकडोजी महाराजांची मोझरीही जवळच. आईनं लहानपणी शपथ घातली, ती राहून गेली. पोट मात्र याच धंद्यावर चालतं. यातली विसंगती मला कळते, कुणी सांगायला नको.

प्यायचं नाही, मग वाइन ओळखायची कशी? त्यासाठीच ही वही. तारीख, बाटली, किंमत, गिऱ्हाईक काय म्हणालं आणि शेवटी एक अरुंद रकाना: ‘दुसऱ्यांदा’. तीच बाटली तेच गिऱ्हाईक पुन्हा मागायला आलं तर तिथे फुली. तोंडानं तर सगळेच ‘मस्त होती’ म्हणतात.

9.45

शटर उघडायच्या आत उदबत्ती, कालचा शिल्लक माल मोजणं आणि रजिस्टर. भिंतीवर परवाना, त्याखाली आम्हा तिघांचे नोकरनामे. बाहेर सात-आठ जण उभेच आहेत.

महाराष्ट्रात ज्याला वाइन शॉप म्हणतात त्या दुकानात वाइन मागणारा माणूस दिसला की आम्ही तिघंही मान वर करून बघतो. दिवसभर जातात त्या क्वार्टर, निप आणि बिअर. वाइनच्या दोन गेल्या तर पुष्कळ. त्याही बहुतेक नाशिकच्या, नाहीतर अकलूजच्या.

11.00

सर आले. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, निवृत्त झाले. मुलगी तुलूझला असते, तिनं तिथलाच मुलगा केला. पहिला दिवाळसण, जावई परवा येतोय.

“दोन हजारांच्या आत फ्रेंच रेड पाहिजे. आपली इज्जत राह्यली पाहिजे.”

“काकूंना सांगितलं?”

“तिनं गच्ची मंजूर केली. घरात नाही म्हणते, देवघर आहे.”

मग त्यांनी जावयाची हकीगत सांगितली. फ्रान्समधल्या मोठमोठ्या हायपरमार्केटांत दर सप्टेंबरला वाइनची जत्राच भरते. रांगेनं पेट्या लावलेल्या, लोक याद्या घेऊन येतात आणि वर्षाची बेगमी करतात. जावई त्यातला दर्दी. कमी पैशात चांगली बाटली हुडकणं हा त्याच्या घरचा खेळ. तुमच्याकडच्या मोठ्या मॉलमध्ये काय मिळतं, असं त्यानं फोनवर विचारलं म्हणे. सरांनी ‘तूर डाळ’ असं उत्तर दिलं.

आपल्याकडेही ते होता होता राहिलं. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळानं ठराव केला होता, शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वेगळं कपाट ठेवून वाइन विकू द्यायची. आमच्या मालकांची तेव्हा झोप उडाली होती. पण विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आलाच नाही. मला विचाराल तर वऱ्हाडात त्यानं फार काही साधलंही नसतं. रात्री दुकान बंद झालं की एसी बंद. मे महिन्यात त्या कपाटातल्या वाइनचं काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे?

आमच्याकडे फ्रेंच एकच शिल्लक होती, तीही दोन उन्हाळे पाहिलेली. ती मी सरांना दिली नाही. अकोल्याच्या गोदामात दोन-तीन पेट्या आहेत असं कळलं होतं आणि दिवाळीचा इतर मालही आणायचा होताच. मालकांना विचारून गाडी काढली.

12.15

बडनेरा मागे पडलं. अकोला शंभरेक किलोमीटर. रस्ता आता लोण्यासारखा. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबर टाकून गिनेस बुकात नाव गेलं. त्याआधी इथून काचेचा माल आणणं म्हणजे दर फेरीला चार-दोन बाटल्यांवर पाणी सोडणं. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, कापसाची वेचणी चाललेली.

2.00

गोदाम म्हणजे टिनाचं छत, दोन पंखे आणि छतापर्यंत पेट्या. नोव्हेंबरातही आत उबारा. व्हिस्कीला त्याचं काही वाटत नाही. वाइन मात्र नाशवंत माल आहे, दुधाइतकी नसली तरी संत्र्याइतकी आहेच. पंचवीस अंशांच्या वर तिचं बिनसायला लागतं, आणि अकोल्याचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसला टेकतो. म्हणून इथे मी किंमत सगळ्यात शेवटी पाहतो.

गोदामवाल्यानं पहिली पेटी ओढली. “हे पाह्य ना भाऊ, याच्यावर राजवाडा आहे. बोर्दोची. जावयाले दाखवाले हेच न्या.”

लेबलवर खरंच राजवाड्याचं चित्र, किंमत 2,190. पण शातो लिहिलं म्हणजे राजवाडा असतोच असं नाही, आपल्याकडे दोन खोल्या बांधून ‘फार्म हाउस’ची पाटी लावतात तसंच ते. बोर्दोत बागाईतदार हजारोंनी आहेत. तिथल्या नामवंत बागांच्या 1855 च्या प्रसिद्ध यादीत लाल वाइनची नावं आज 61 आणि त्यांतलं एकही या टिनाखाली यायचं नाही. बाकीचे त्या गावाच्या नावावर भाव खातात.

मी बाटली उजेडात धरली. मागच्या स्टिकरवर आयातीचा महिना मार्च, म्हणजे पूर्ण उन्हाळा इथेच काढलेला. बुचावरच्या वेष्टनाला अंगठा लावला तर मधोमध टेंगूळ. उष्णतेनं आतला द्रव फुगतो, बूच वर ढकलतो आणि तिथूनच हवा आत शिरते. गळ्यापाशी चिकट डागही होता.

“नको.”

“कायले? एवढी भारी आहे.”

“उकडली आहे.”

कापसाचा जुना व्यापारी पोत्यावरचं नाव वाचत बसत नाही, बोंडातला पुंजका घेऊन धागा ओढून पाहतो. अकोल्याच्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा कुठे तो हसला आणि मागच्या रांगेतली पेटी काढायला शिडी लावली.

त्या पेटीत कोत द्यु रोन होती. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या रोन नदीच्या खोऱ्यातली, ग्रेनाश आणि सिरा या द्राक्षांची. सिरा म्हणजे आपल्या नाशिकवाल्यांची शिराझ. आयात सप्टेंबरची, बूच नाही, फिरकीचं झाकण. फिरकीचं झाकण पाहून पुष्कळ लोक नाक मुरडतात, स्वस्त माल समजतात. आमच्या हवेत मला तेच बरं वाटतं, बूच सुकायची आणि वर यायची भीती नाही. किंमत 1,850. खाली आणखी एक होती, पेई दॉकची, 1,490 ची. तिकडच्याच समुद्राकाठच्या पट्ट्यातली, नाव कमी गाजलेलं म्हणून दरही कमी. वहीत या दोन मुलखांपुढे फुल्या बऱ्याच आहेत. बोर्दोपुढे एक. तीही एका डॉक्टरांची, आणि ते बाटली भेट द्यायला नेतात.

पण 1,850 मध्ये आहे काय? समजा, ही बाटली तिथल्या बागेत तीन युरोला पडली. म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या आत. आपल्या बंदरात उतरली की 150 टक्के कर. 2021 च्या अर्थसंकल्पापासून त्याचे दोन भाग झाले, 50 टक्के सीमाशुल्क आणि 100 टक्के कृषी उपकर, पण बेरीज तीच. वर जहाजभाडं, राज्याचं शुल्क, व्हॅट, आयातदार, गोदाम आणि आम्ही. म्हणून जावयाच्या हायपरमार्केटात जी कुणी पेटीनं उचलेल ती बाटली आपल्याकडे जपून न्यायची चीज होते. याच पैशात नाशिकची उत्तम बाटली येते आणि काही रुपये उरतात. सरांना मी दर वेळी हे सांगतो. पण दिवाळसणाला जावयाला त्याच्याच देशाचं काही द्यावं, ही सासऱ्याची हौस, तिथे हिशेब चालत नाही.

दोन्हींच्या सहा-सहा घेतल्या. वाहतुकीचा पास निघेपर्यंत पेटी हलत नाही. तो निघायला पाऊण तास लागला.

5.30

अमरावती. पेट्या उन्हाच्या बाजूला येऊ नयेत म्हणून मधे ठेवल्या होत्या, वर ओलं पोतं. उतरवून थेट आतल्या खोलीत, आडव्या. बाहेरून एक प्लेट गिला वडा मागवला, उभ्या उभ्याच खाल्ला.

सहा ते आठ काही लिहिण्यासारखं नाही. गर्दी, सुट्टे पैसे, एका पोराला वयाचा पुरावा मागितला तर त्यानं आईबाप काढले.

8.15

सर परत आले, सोबत काकू. त्या पायरीवर चढल्या नाहीत, बाहेर स्कूटीजवळ उभ्या राहिल्या. मी दोन्ही बाटल्या दाखवल्या आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

“पाटोडीचा रस्सा,” काकू बाहेरूनच म्हणाल्या. “आणि भरली वांगी. त्याले तिखट चालते, मी विचारलं.”

मग प्रश्नच मिटला. वहीत चार ठिकाणी एकच शेरा आहे: रस्स्यासोबत बोर्दो कडू लागली. तुरट वाइन आणि आपलं तिखट यांचं जमत नाही, जीभ जास्तच भाजते. नरम, फळांच्या चवीची पाहिजे. मी पेई दॉकची हातात दिली, 1,490 वाली.

“पण ही स्वस्त आहे,” सर म्हणाले.

“हो. आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.”

“रेड कोणी फ्रिजमध्ये ठेवते का?”

“सर, घरच्या तापमानाला प्यायची म्हणतात ते त्यांच्या घराच्या. सोळा-अठरा अंश. तुमच्या गच्चीवर रात्रीही बावीस-चोवीस असेल.”

फिजिक्सच्या माणसाला एवढं पुरलं. बिल छापील किमतीचं, त्यात घासाघीस नसते. काकूंनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि वरून पणत्यांची पिशवी ठेवली.

10.30

शटर खाली. शिल्लक मोजली, रजिस्टर भरलं, वही काढली.

9/11. पेई दॉक. 1,490. सर, जावयासाठी, गच्ची, पाटोडी. शेरा: यायचा आहे. दुसऱ्यांदा: कोरं.