दोन ट्रान्समीटर, एक केबल

लॅबमधल्या लांब टेबलाच्या एका टोकाला दोन ट्रान्समीटर, दुसऱ्या टोकाला दोन रिसीव्हर. वारंवारिता २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे लाटेची लांबी साडेबारा सेंटिमीटर. दोन्ही एकदम सुरू केले आणि रिसीव्हरांच्या स्क्रीनवर, निरोप नीट पोचला की दिसतात त्या चार नेटक्या पुंजक्यांऐवजी ठिपक्यांचा भुगा दिसला.

हात सवयीने पॉवरकडे जातो. दोघांची दुप्पट केली, भुगा तसाच. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सूत्रात क्षमता ठरते ती सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर, आणि इथे गोंगाट म्हणजे शेजाऱ्याचाच सिग्नल. तोही दुप्पट झालेला. चाळीत दोन घरांनी टीव्हीचा आवाज चढवत नेल्यासारखी गत. पाळीपाळीने पाठवलं तर ठिपके स्वच्छ, पण वेळ निम्मा.

मग दोघांनाही दोघांचा डेटा दिला. एकाची लाट नको त्या रिसीव्हरपाशी पोचते, तिथे दुसऱ्याने तेवढीच, पण उलटी लाट पोचवायची. दोन्ही तिथल्या तिथे विझतात. सांगायला सोपं. पण प्रत्येक पेटीत आपापला क्रिस्टल असतो. दोघांत दहा लाखांत एक एवढाच फरक असला, तरी या वारंवारितेवर तो सेकंदाला २४०० फेरे होतो, आणि उलटी लाट बघता बघता सुलटी! म्हणून दोन्ही पेट्यांना १० मेगाहर्ट्झचं एकच घड्याळ केबलने जोडलं. एक ढिला कनेक्टर शोधण्यात अर्धी दुपार गेली. तो आवळला, तसे दोन्ही स्क्रीनवर एकाच वेळी चार-चार पुंजके उमटले.

हे झालं दोन पेट्यांपुरतं. मोठ्या जाळ्याबद्दल पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली दाखवलं होतं की, यंत्रं निरोप नुसते पुढे ढकलत राहिली तर त्यांची संख्या चौपट झाल्यावर प्रत्येकाचा वाटा निम्म्याखाली जातो. २००७ मध्ये ओझगुर, लेवेक आणि त्से यांनी उत्तर दिलं: शेजाऱ्यांनी गट करून एकच मोठी अँटेना असल्यासारखं वागावं, म्हणजे वाटा जवळपास टिकतो. त्या गणितात चॅनेलची, म्हणजे लाट वाटेत कशी बदलते याची, माहिती हाताशी आहेच असं धरलंय. ती मिळवायची तर रिसीव्हरने सतत कळवत राहावं लागतं, आणि त्यातही वेळ जातोच.

इतक्यात कुणीतरी चहा घेऊन टेबलाजवळून गेलं. पुंजके विस्कटले. मोजणी होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असं ठरलं. चहा दारापाशीच गार झाला.