यूपीआय पिन टाकायच्या आधीचं गणित: सवायकी, औटकी आणि नऊची युक्ती

वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला उतरून मासे घ्यायला गेलात तर हे बघाच. मावशी काट्यावर सुरमई ठेवतात. काटा सव्वा किलो दाखवतो, भाव समजा ९६० रुपये किलो. (भाव उदाहरणापुरता आहे, हा लेख दाखवून घासाघीस करू नका.) आपण फोन काढून कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत मावशी म्हणतात, "बाराशे." मग आपण ९६० गुणिले १.२५ करतो. उत्तर बाराशेच!

आता तुम्ही म्हणाल, फोन हातात असताना डोक्याला त्रास कशाला? मुद्दा बरोबर आहे, फोनचा गुणाकार चुकत नाही. चुकतं ते आपलं बोट. एक शून्य जास्त पडतं, दोन आकडे उलटे होतात, आणि फोन त्या चुकीच्या आकड्याचं अगदी अचूक उत्तर देतो. २०१६ साली यूपीआय आल्यापासून ही चूक महाग झालीय, कारण पिन टाकून पेमेंट झालं की ते आपल्या बाजूने परत फिरवता येत नाही. समोरच्याने परत दिले तर दिले. म्हणून पिन टाकायच्या आधी रक्कम साधारण किती यायला हवी, हे डोक्यात तयार असलेलं बरं.

मावशींचा अल्गोरिदम

९६० चा पाव म्हणजे २४०. तो ९६० मध्ये मिळवला, झाले १२००. दशांश चिन्ह कुठेच आलं नाही. ही आहे सवायकी.

आजी-आजोबांच्या शाळेत साध्या पाढ्यांसोबत अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घ्यायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो ना, तेच औट. घटका २४ मिनिटांची, तिचे साडेतीन पट म्हणजे ७२ अधिक १२, एकूण ८४ मिनिटं. एवढंच ते राज्य!

हे पाढे उगाच नव्हते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे होते आणि आण्याचे ४ पैसे. सगळं अर्ध्या-पावात मोडायचं. नाणी बदलली, पाढे गेले, पण बाजारात आपण आजही 'एक पॉइंट पंचवीस किलो' म्हणत नाही, सव्वा किलोच म्हणतो. आणि त्या शब्दातच हिशोबाची रीत आहे. पाऊण म्हणजे पूर्णातून पाव वजा: ८४० ची पाऊणकी ८४० वजा २१०, म्हणजे ६३०. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी: ६४० रुपयांनी पावणेदोन किलो घेतलं तर १२८० वजा १६०, झाले ११२०. दीडपट हवी असेल तर मूळ आकड्यात त्याचा अर्धा मिळवा, संपलं.

कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. दशमान पद्धतीत शेवटचं शून्य काढलं की आकडा दहावा हिस्सा होतो, तसंच बायनरीत शेवटचा बिट काढला की आकडा निम्मा होतो. त्याला बिट शिफ्ट म्हणतात. एकदा शिफ्ट केलं की निमकी, दोनदा केलं की पावकी. दिडकी म्हणजे एक शिफ्ट आणि एक बेरीज. मला तर ही मराठी नावं एखाद्या लायब्ररीतल्या फंक्शनसारखीच वाटतात.

एकोणतीस हा शब्दही बघा: तीसला एक कमी. मग २९ गुणिले ७ करताना २१० मधून ७ काढा, २०३. शॉपिंग ॲपवर ४९९ चे चार टी-शर्ट? दोन हजाराला चार कमी, १९९६.

टक्क्यांचंही असंच. १८ टक्के जीएसटी काढायचा तर आधी २० टक्के काढा आणि त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा. ३५० वर ७० वजा ७, म्हणजे ६३. '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' ही मात्र ७० टक्के सूट नव्हे. हजाराचे आधी पाचशे होतात, मग पाचशेवर २० टक्के, म्हणजे चारशे द्यायचे. सूट ६० टक्केच. आणि क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज असेल, तर बारा औटे बेचाळीस, वर्षाला ४२ टक्के. व्याजावर व्याज धरलं तर ५१ च्या पुढे.

बेचाळीस की चोवीस?

मराठीत एक अडचण आहेच. 'बेचाळीस' ऐकताना आधी 'बे' येतो, मग 'चाळीस'. टाइप करताना मात्र आधी ४, मग २. घाईत २४ पडतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस दोन' अशी वाचनपद्धत आणली, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. केवढा वाद झाला! मला स्वतःला बेचाळीसच आवडतो, पण मुलांची अडचण खरी होती. मोठ्यांचीही आहे.

इथे नऊची युक्ती कामी येते. शेजारचे दोन आकडे उलटे झाले की होणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. ४२ वजा २४ म्हणजे १८. ६३ वजा ३६ म्हणजे २७. रूममेट्सचा महिन्याचा हिशोब २७ रुपयांनी चुकतोय? ज्यांच्या दोन अंकांत ३ चा फरक आहे अशी रक्कम शोधा: ७४ चे ४७ झाले असतील, नाहीतर ५२ चे २५. जास्तीचं शून्यही असंच सापडतं. ३६० ऐवजी ३६०० गेले तर फरक ३२४०, त्याला ९ ने भागा, मूळचे ३६० समोर येतात. फरक नऊच्या पटीत आहे का, हे बघायला त्यातले अंक मिळवा: ३, २, ४, ० मिळून ९.

एक लक्षात ठेवा, नऊ रकमांतली एखादी तशीही नऊच्या पटीत निघतेच, त्यामुळे हा पुरावा नाही, कुठे शोधायचं याचा अंदाज आहे. आणि ५०० ऐवजी ६०० टाइप केले असतील तर फरक शंभरचा, तिथे नऊची युक्ती काहीच सांगत नाही. तिथे सवायकीच लागते.